कॅप्टनच्या मांडीवर अ‍ॅटलास

डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, त्या दिवशी कॅप्टनचं तोंड उतरलं ते उतरलंच. कॅप्टन हे मुलांनी ठेवलेलं नाव. बोट सोडा, तो साध्या होडीतही कधी बसला नव्हता. पण घरच्या जीपचं स्टिअरिंग त्याने लग्नापासून दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं. बायकोने शेजारी बसायचं, मांडीवर जाडजूड अ‍ॅटलास उघडायचा आणि डावीकडे-उजवीकडे सांगायचं. त्यात काय एवढं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

आता समोरचं नीट दिसत होतं, वाचताही येत होतं, पण बाजूने येणारं वाहन डोळ्यांना कळत नव्हतं. दोन महिने तो घरात नुसत्या येरझारा घालत होता. आपण आता डिकीतलं सामान, कुणी नेलं तर जायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी बायकोनेच जीपची किल्ली उचलली. ती गाडी कधीच शिकली होती. नवऱ्यासमोर चालवायची छाती मात्र आजवर झाली नव्हती.

"चला, डोंगरातल्या तळ्यावर जाऊ. मी चालवते, रस्ता तुम्ही सांगा."

"फोन सांगेल की."

"डोंगरात कुठली आलीय रेंज? उचला ते बाड."

शहर सुटेपर्यंत कॅप्टनने अ‍ॅटलास मिटलेलाच ठेवला. मग कच्चा रस्ता लागला, अ‍ॅटलासमध्ये तो बारीक तुटक रेघेने दाखवला होता, आणि स्वारीला चेव चढला. "आता टेकडी येईल. आली! सावकाश, पुढे उतार आहे." पुलाशी पोचता पोचता नकाशा पानाच्या वरच्या कडेला जाऊन संपला. कॅप्टनने थाटात पान उलटलं. नव्या पानावरही नदी होती, पूल होता, पुढे फाटा होता, डावीकडे तळंही होतं.

"फाट्यावर डावीकडे!"

बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी डावीकडे घेतली. कॅप्टन चक्क गुणगुणायला लागला. सूर नेहमीसारखाच भलतीकडे चालला होता.

रस्ता अरुंद होत गेला, खडी वाढली आणि जीप एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या गंजक्या फाटकासमोर थांबली. पुढे रस्ताच नव्हता.

"इथे तर तळं हवं," कॅप्टन म्हणाला. त्याने पान खालून वर पाहिलं, मागचं पाहिलं, आणि मग मागच्या पानाच्या वरच्या समासातला इवलासा बाण त्याला दिसला. बाणाशेजारी लिहिलं होतं, अठ्ठावन्न. उत्तरेकडचा भाग त्या नंबरच्या पानावर होता. त्याने उलटलेलं पान पूर्वेकडच्या भलत्याच मुलखाचं होतं. त्याचे कान तापले. बायकोचा एखादा फाटा चुकला की आपण गाडी कशी डोक्यावर घ्यायचो, तेही सगळं आठवलं.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. "भलतंच पान उघडलं."

"माहितीय."

"कधीपासून?"

"पुलापासून. तुम्ही पान उलटलंत ना, तेव्हाच."

"अगं, मग बोलायचं नाही का? उगाच एवढं पेट्रोल जाळलं!"

बायकोने इंजिन बंद केलं. "तुम्ही गुणगुणत होतात," ती म्हणाली. "दोन महिने घरात तुमचा आवाज नव्हता हो. म्हटलं, रस्ता संपेपर्यंत तरी चालू दे."

कॅप्टनने चष्मा काढून शर्टाला पुसला. तो स्वच्छच होता, तरी बराच वेळ पुसला. आपल्याला ही बाई फार आवडते, हे नव्याने कळायचं त्याचं वय नव्हतं, पण कळलं खरं. त्याने चष्मा चढवला, अठ्ठावन्न नंबरचं पान काढलं आणि रस्त्यावर बोट घट्ट दाबून धरलं.

"वळव गाडी. पुलापर्यंत मागे जायचं. आणि हे बघ, पुन्हा चुकलो तर लगेच सांगायचं."

"बघू," ती किल्ली फिरवत म्हणाली. "गुणगुणत असाल, तर नाही सांगणार."