पुनमचा खोकला

लातुरातल्या आमच्या हॉस्टेलच्या खोलीला खिडकी होती, पण प्लायवूड ठोकून बंद केलेली. समोर मुलांचं हॉस्टेल. मुलांनी बघू नये म्हणून मुलींची हवा बंद, असा रेक्टर मॅडमचा न्याय. एवढ्याशा खोलीत चार कॉट, चार टेबलं आणि एकीचा श्वास दुसरीच्या नाकात. डॉक्टर व्हायचं म्हणून, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी दोन वर्षं आम्ही तिथं कोंबड्यांसारख्या बसलो होतो. मी लुंबिनी, हिमायतनगरची. शेजारच्या कॉटवर लोह्याची पुनम.

जानेवारीअखेर पुनमला ताप आणि खोकला सुरू झाला. तिनं मेडिकलवरून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

"उरलेल्या ठिवून देते," ती म्हणाली. "पुढच्या खोकल्याला होतील."

मीही मान डोलावली. डॉक्टर व्हायला निघालेल्या दोन मुली! आमची अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

चार दिवसांनी ताप परत आला, या वेळी थंडी घेऊन. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. मॅडमला ऐकू जाऊ नये म्हणून ती गोधडीत तोंड खुपसून खोकायची. घरी कळवायची सोय नव्हती. तिच्या वडिलांनी उदगीरचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, आणि त्यांची अटच होती: जमलं नाही, आजारी पडलीस, की सरळ घरी यायचं. एकदा गेली की परत येणं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"लुंबे, कुणाला बोललीस तर माझी शप्पथ हाय तुला."

मी शपथ घेतली. मला तिचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती. पण शपथ घेतल्यावर तिच्यासारखीच मीही अडकले.

रविवारी क्लासमध्ये मोठी टेस्ट होती. डोकं दुखतंय म्हणून पुनम खोलीतच राहिली. पेपरात प्रश्न आला: न्यूमोनियाच्या गंभीर अवस्थेत ओठ आणि नखं कशी होतात? राखाडी ते निळसर. मी गोल काळा केला आणि पुढं गेले. मग हात थांबला. सकाळी पुनमनं मला पाण्याची बाटली दिली तेव्हा तिची नखं मी पाहिली होती. पेनची शाई लागली असेल, असं वाटलं होतं.

खरं सांगते, त्यानंतरही मी अकरा प्रश्न सोडवले. त्याची लाज मला अजून वाटते. मग उठले.

"बस खाली," सर म्हणाले. "वेळ संपल्याशिवाय दार उघडणार नाही."

"सर, खोलीत माझी मैत्रीण मरायला लागलीय!"

शपथ अशी चारशे मुलांसमोर मोडली. दार उघडलं.

पुनम कॉटवर पुढं वाकून बसली होती. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. एक वाक्य तिला सलग बोलता येईना. "साधा खोकलाय, वाफ द्या," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. रिक्षात घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

ऑक्सिजन लावून झाल्यावर डॉक्टरबाई रेक्टर मॅडमशी आणि माझ्याशी बोलल्या. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातले हवेचे बारीक फुगे पू-पाण्यानं भरले होते. गोळ्या अर्ध्यावर सोडल्यानं उरलेले जंतू पुन्हा वाढले होते. "आधी ती खिडकी उघडा," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणाला ताप-खोकला असेल तर आजच पाठवा."

पाचव्या दिवशी पुनमचा ऑक्सिजन काढला. ती माझ्याशी अक्षरही बोलत नव्हती. तिचे वडील, दयानंदकाका, आले होते. डॉक्टरांनी त्यांना आमच्यासमोरच सांगितलं, "औषध पूर्ण करा. महिनाभरात मुलगी ठणठणीत होईल. मागं काही राहणार नाही."

अर्ध्या तासानं काका कॉटजवळ उभं राहून उदगीरच्या पाहुण्यांशी फोनवर बोलत होते. "दमाबिमा काही न्हाई हो. निमोनिया होता, गेला." पलीकडच्यांना पटेना. काकांनी वैतागून फोन माझ्या हातात दिला. "तू डॉक्टरीन होणार हायस न्हवं? तूच सांग त्यांना."

बाईचा आवाज आला. "पोरीला छातीचं कायमचं काही न्हाई नं?"

पाच दिवसांत पहिल्यांदा पुनमनं माझ्याकडं पाहिलं.

"कायमचं काही न्हाई, काकू," मी म्हणाले. इथवर खरं होतं. "पण फुप्फुस पहिल्यासारखं व्हायला लई वेळ लागतो. जूनपर्यंत लग्नाची दगदग चालायची न्हाई."

हे कुठल्या पुस्तकात नाही. मी धडधडीत खोटं बोलले. मेडिकलची प्रवेश परीक्षा मेमध्ये होती.

काकांनी फोन परत घेतला. डॉक्टरांचं 'महिनाभरात' त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता हे बोलणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. त्यांनी पुनमकडं पाहिलं.

"हाव," ते फोनवर म्हणाले. "डॉक्टर बी तसंच म्हणल्या. जूनपर्यंत थांबावं लागतंय."

फोन खिशात टाकून त्यांनी मला विचारलं, "हिची पुस्तकं कुठं हायेत?"