गिऱ्हाईक परत का येत नाही?

रनर पितळेचा होता, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर तो सरकत होता आणि जो तो त्याला नखाने उलटसुलट करून पुढे देत होता. गटप्रमुख मुलीने नमुना म्हणून आणला होता... बॅगेच्या चेनीचा रनर. टेबलामागे बसलेल्या प्राध्यापिकेचे बाबा असा रनर पक्कडीने एकदाच दाबायचे, कान अगदी जवळ नेऊन. कान कशाला, असं तिने लहानपणी विचारलं होतं. "पुरे झालं की तोच सांगतो," म्हणाले होते.

बाबांना जाऊन आज बाविसावा दिवस.

खोली बारा, विषय शाश्वत उद्योजकता. सहा वर्षांपूर्वी तिने दोन पानी टिपण लिहिलं होतं : बॅगा दुरुस्त करणारं एक दुकान, एकच कारागीर, चाळीस वर्षं; ते वाढलं का नाही ते सांगा. नाव-पत्ता गाळला होता. ते कोणाचं, हे कोणत्याच वर्गाला सांगितलं नव्हतं — सांगू कधीतरी, योग्य दिवशी, असं मनात धरून ठेवलं होतं.

"मॅडम, या काकांचा प्रॉब्लेम असा, की ते फारच चांगलं काम करतात." वर्ग हसला. "एकदा चेन बसवली की गिऱ्हाईक दहा वर्षं तोंड दाखवत नाही!"

"काकांना धंदा नव्हता करायचा, समाजसेवा करायची होती," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हणून आमचा उपाय, रनर हलका वापरायचा. वर्षभर टिकेल इतकाच. दर वर्षी एक फेरी नक्की."

"आणि शाश्वत काय त्यात?" तिने विचारलं.

"धंदा, मॅडम."

चिडायला हवं होतं. पण समोरच्या गुणपत्रिकेत तिसरी ओळ तिच्याच शब्दांत होती — ग्राहक पुन्हा येण्याची तरतूद, दहा गुण. आणि हाच उपाय आधी कोणी सुचवला होता? टिपण नवंकोरं होतं, ती दुकानातल्या स्टुलावर पाय हलवत बसली होती... बाबा, जरा कमी टिकणारं वापरा ना. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं. "प्रोफेसरीणबाई, लोक या बॅगा घेऊन प्रवासाला जातात. वाटेत उसवली तर?" तर पुन्हा तुमच्याकडेच येतील, ती म्हणाली. हसत म्हणाली. तिला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात आईबरोबर दुकान आवरताना खणात हलक्या रनरांचं पाकीट सापडलं. एकच काढलेला. तो त्यांनी स्वतःच्या डब्याच्या पिशवीला लावला होता. पाकिटावर बसवल्याची तारीख, अकरा महिन्यांनंतरची तुटल्याची तारीख, आणि खाली, त्यांच्या तिरक्या अक्षरात : पोरीला सांगायचं नाही.

अकरा महिने त्यांनी तिच्या बोलण्याला संधी दिली होती.

तिने तिसऱ्या ओळीपुढे दहा लिहिलं. नियमाने तेवढेच होत होते. कमी द्यायला कारण सापडेना, म्हणजे मांडता येईल असं.

"मॅडम, हे काकांना दाखवता येईल का?" गटप्रमुख मुलगी कागद चाळत होती. "शेवटी लिहिलंय, मालक आजही रोज नऊला दुकान उघडतात."

ती ओळ बदलायची राहून गेली होती.

"आता नाही उघडत."

"अरेरे... बंद पडलं?"

"हो."

मुलीचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला. तिने वळून गटाकडे पाहिलं. "बघा, म्हटलं होतं ना! बरोबर निघालं आपलं." चार-पाच जणांनी माना डोलावल्या, कोणी वहीत लिहून घेतलं. त्यात दुष्टपणा नव्हता. उत्तर जुळल्यावर कोणालाही होतो तेवढाच आनंद होता तो — तिनेच शिकवलेला.

आता सांगता आलं असतं. ती सांगण्याची इच्छा आत शोधू लागली, सहा वर्षं जपलेली... पण तिथे काहीच हाताला लागेना. आणि त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

"पुढचा गट," ती म्हणाली.