मशीनजवळच्या रबरी चपला

मी एक जुना नॉइज फिल्टर आहे. तळहातावर मावेल एवढा पत्र्याचा डबा. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही याचं मला वाईट वाटत नाही. मोरीच्या जाळीची तरी कोण विचारपूस करतो? माझं कामही तिच्यासारखंच आहे. भिंतीतून येणारी वीज तुम्हाला स्वच्छ वाटते. ती तशी नसते. मिक्सर, लिफ्ट, स्वस्तातले चार्जर, सगळे त्याच तारांमध्ये पचापचा थुंकत असतात. ती घाण मी अडवतो आणि हिरव्या वायरीतून जमिनीत सोडतो. त्या वायरीला अर्थिंग म्हणतात. ती नसली, की तुंबलेल्या मोरीसारखी माझी गत होते.

माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमध्ये, लेबलं छापणाऱ्या एका मशीनच्या पोटात गेली. दसऱ्याला तिथले मेकॅनिक सीतारामभाऊ आधी माझे स्क्रू आवळत, कोरड्या फडक्याने मला पुसत आणि मगच झेंडूचं फूल ठेवत. "याच्या पोटात काय काय जातं, ते आपल्याला बघवणार नाही," असं ते म्हणत. पुढे कारखान्याचा तो गाळा बंद पडला आणि मी भंगारात गेलो. तिथे कोणीतरी माझ्यावर तंबाखूची पिचकारी मारली. ती तशीच वाळली. विजेतली घाण परवडली, मित्रांनो. ही माणसाच्या तोंडातली होती.

बाळकुमच्या एका सोसायटीत राहणाऱ्या राजरत्नने मला तिथून उचललं. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात त्याची नोकरी, आणि सुट्टीत घराच्या गॅलरीत लाकूड कोरणारं छोटं सीएनसी मशीन बांधायचा छंद. त्याची बहीण मेघना कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीन ती लाकडात कोरायचं. या मशीनच्या स्टेपर मोटरी मोजून पावलं टाकतात. तारांमध्ये घाण शिरली, की न सांगितलेलं पाऊल पडतं आणि रेघ वाकडी जाते. म्हणून त्याला मी हवा होतो.

पण राजरत्नने मला पुसलंसुद्धा नाही. तसंच मशीनला ठोकून बसवलं. पॉवर सप्लायच्या, मोटरींच्या, सिग्नलच्या वायरी एकाच रबरबँडमध्ये कोंबल्या, उष्ट्या नूडल्सच्या गुंत्यासारख्या. गॅलरीतला बोर्ड दोन पिनांचा होता, म्हणून माझी हिरवी वायर कापली आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली.

"दादा, ही वायर अशीच ठेवायची?" मेघनाने विचारलं.

"अगं, तिच्याशिवाय पण चालतं. सगळे असंच करतात."

चाललं. पण अडवलेली घाण जाणार कुठे? ती माझ्या पत्र्यावर आणि तिथून मशीनच्या अंगावर साचू लागली. एकदा त्यांची आई शालन कपडे वाळत घालताना मशीनला टेकली.

"अगं बाई! मुंग्या आल्या की हाताला!"

"आई, चप्पल घालत जा ना गॅलरीत," राजरत्न म्हणाला.

आणि खरोखरच मशीनजवळ रबरी चपलांचा एक जोड कायमचा येऊन बसला. मला या उपायाची शिसारी येते. फ्रिज झिणझिण्या देतो? चपला घाला. गिझर देतो? चपला घाला. घाण तशीच ठेवायची आणि तिच्यात उभं राहायला पादत्राणं शोधायची!

शेवटी ठपका माझ्यावर आला. "भंगारातला माल. हाच शॉक मारतो," म्हणत राजरत्नने मला काढून कट्ट्यावर टाकलं. मुंग्या कमी झाल्या, तेव्हा तो खुशीत म्हणाला, "बघ, बोललेलो ना?"

बुद्धपौर्णिमेला विहारात लावण्यासाठी त्यांना सागवानी धम्मचक्र कोरायचं होतं. फळी एकच होती, मुलांच्या दिवंगत वडिलांच्या पलंगाची.

"हे तुमच्या बाबांचं लाकूड," शालन म्हणाली. "बिघडलं तर दुसरं कुठून आणू, राजा?"

"टेन्शन नको घेऊ. एकदम मक्खन कापणार."

मशीन सुरू झालं. तेवढ्यात शालनने आत चटणीसाठी मिक्सर फिरवला. मोटर भरकटली आणि फळीच्या कडेला एक तिरका ओरखडा उमटला. राजरत्नने धावत बटण बंद केलं. शालन आली, त्या ओरखड्यावर बोट ठेवून उभी राहिली.

मेघनाने मला हातात घेतलं. वाळलेली पिचकारी तिने नखाने खरवडली. तिला किळस आली, पण ती थांबली नाही. खालून तीन आडव्या रेघांची खूण निघाली.

"दादा, ही अर्थिंगची खूण. इथलीच वायर तू कापलीस."

"बोर्ड दोन पिनांचा होता गं."

"मग बोर्ड बदलायचा की आईला चपला घालायच्या?"

शालनने पायांकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तुझं मशीन माझ्या स्लिपरच्या भरवशावर चालत होतं होय रे?"

राजरत्नने सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, गॅलरीत तीन पिनांचा बोर्ड बसवून त्याचं अर्थिंग तपासून घेतलं. मशीनचा रंग खरवडून मला पत्र्याला पत्रा लावून घट्ट बसवलं. हिरवी वायर जोडली, मोटरींच्या वायरी सिग्नलपासून दूर नेल्या. बटण दाबलं आणि पोटात साचलेलं सगळं खाली निघून गेलं. उलटी झाल्यावर तुम्हाला हलकं वाटतं ना, अगदी तसं.

मेघनाने चक्र थोडं लहान केलं आणि ओरखडा बाहेर ठेवला. या वेळी शालनने मुद्दाम मिक्सर लावला. आरे सरळ निघाले. चक्र विहारात गेलं. ओरखड्याची कापून निघालेली पट्टी मात्र शालनने टाकू दिली नाही. चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या आणि त्यांच्या जागी ती पट्टी ठेवली.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू झिणझिण्या देत असेल, तर तिला हात लावू नका. चपला घालूनही नाही. मोठ्यांना सांगा. ते म्हणाले, "असंच चालतं," तर हिरवी वायर कुठे गेली, ते विचारा. मी आजही रोज घाणच गिळतो आणि आजही मला तिची किळस येते. पण आता तिला जायला वाट आहे.