बाद पिल्लांची ताटली

त्या काळी झेब्राफिश म्हटलं की दिवाणखान्यातली शोभेची काचपेटी डोळ्यांपुढे यायची. निळ्या पट्ट्यांचा हा बोटभर मासा पाळून माणसाच्या दुखण्यावर औषध शोधता येईल, असं दोघी बहिणींतली धाकटी सांगायची तेव्हा प्रयोगशाळेतले उंदीरवाले पोट धरून हसायचे. ‘मासेवाली’ हे नाव त्यांनीच तिला चिकटवलं. तिने ते खडूने स्वतःच दारावर लिहून ठेवलं. बसा हसत!

तिच्या मनात वेगळंच होतं. थोरल्या बहिणीचे स्नायू लहानपणापासून झिजत चालले होते. आईवडील धडधाकट, धाकटी धडधाकट, आणि ताई चाकाच्या खुर्चीत. धाकटीच्या एका टाकीतल्या माशांच्या घराण्यातही असाच दोष होता. आईबाप टुणटुणीत पोहायचे आणि चार पिल्लांतलं एखादं तळाशी लोळत राहायचं. पिल्लं काचेसारखी आरपार. सूक्ष्मदर्शकाच्या खास उजेडात निरोगी पिल्लाचे स्नायू चांदीच्या तारेसारखे चमकायचे, आजारी पिल्लात मात्र जागोजाग काळोख. पाण्यात औषध विरघळवायचं आणि काळोख हटतो का ते बघायचं, एवढंच तिचं काम.

लोळणारी पिल्लं निराळ्या ताटलीत काढून वर ‘बाद’ लिहायचं, ही माशांच्या खोलीची जुनी रीत. बाकीचे ती फेकून द्यायचे, धाकटी जपायची. शब्द मात्र तिने तोच ठेवला होता आणि त्यानेच घात केला.

नवे संचालक फेरीवर आले. ताटल्यांवरून नजर फिरवत म्हणाले, “एवढी बाद? म्हणजे प्रयोग फसलाच की!”

“नाही सर, मला तीच तर हवी—”

“बाई, उद्या ही टाकी रिकामी करून द्या. इथे उंदरांचे पिंजरे ठेवू.”

टाकी गेली की ते घराणं गेलं. तसे मासे दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

“रिकामी होणार नाही,” धाकटी म्हणाली.

“हुकूम आहे हा.”

“ऐकला ना. होणार नाही.”

घरी ‘बाद’पासूनची सगळी हकीकत ऐकून ताईने कपाळाला हात लावला. “नोकरी घालवशील, शहाणे. मग मला कोण पोसणार, तुझे मासे?” थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, “त्यांना दुखतं का ग?”

“माहीत नाही. दुखत असेलही. म्हणून तर वाया घालवायची नाहीत.”

“उद्या मला ने तिकडे,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन कामगार बादल्या घेऊन आले, मागोमाग संचालक. दारात ताईची खुर्ची आडवी.

“जरा सरकता का, बाई?”

“चाक अडकलंय हो,” म्हणत ताईने सगळ्यांसमोर ब्रेक ओढला. एका कामगाराला हसू आवरेना.

“आपण कोण?”

“मी? बाद!”

संचालक गोरेमोरे झाले. त्यांना धड आत जाता येईना, परत फिरायलाही लाज वाटली. धाकटीने सूक्ष्मदर्शक उचलून दाराशीच आणला. “बघा. डावीकडचं पिल्लू माझ्यासारखं, उजवीकडचं हिच्यासारखं.”

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. “एखादं तरी औषध लागू पडलंय?”

“अजून एकही नाही.”

“मग कशाच्या जोरावर भांडताय?”

“अजून पुष्कळ औषधं बघायची आहेत, सर. पिल्लं मात्र एवढीच आहेत.”

“मी लेखी कळवीन,” म्हणून ते निघाले. बादल्याही मागोमाग गेल्या. लेखी काही आलंच नाही, पिंजरे मुकाट्याने वरच्या मजल्यावर चढले.

त्या दिवसापासून ताई रोज येऊ लागली. हात तिचे लवकर थकत, पण डोळा तिखट. एकदा नव्या औषधातल्या पिल्लांवरून तिने सूक्ष्मदर्शकातून नजर फिरवली.

“काळोखच आहे ग.”

“असू दे,” धाकटी म्हणाली आणि पुढच्या बाटलीचं बूच काढलं.