लिंबू रंगाचं लुगडं

काळ्या पोरीने फिक्कट पिवळं नेसू नये, हे आमच्या अंजनगाव सुर्जीत कुणीही सांगितलं असतं. आणि माझी काकू तर रंगांतच वावरणारी बाई. आमची फुलांची शेती. पहाटे खुडलेली शेवंती, झेंडू, मोगरा घरी यायचा आणि काकू ओसरीवर बसून हार-वेण्या गुंफायची. कोणत्या फुलाशेजारी कोणतं खुलतं, हे विचारायला लग्नघरच्या बाया तिच्याकडे यायच्या. अशा बाईने माझ्यासाठी लिंबाच्या सालीसारखं फिकं लुगडं घ्यावं? आजही आठवलं की माझं डोकं भणभणतं.

मी जमुना. मी रांगत होते तेव्हाच आई गेली, मागोमाग वडील. काका नत्थुजी आणि काकू मनकर्णाबाई यांनी मला वाढवलं. त्यांची सुभद्रा आणि मी एका वयाच्या, एका ताटात जेवलेल्या. ती गव्हाळ, मी काळी. सावळी-बिवळी नाही, काळी. लोक तोंडावर सावळी म्हणत आणि पाठ वळली की खरं बोलत. काकू माझ्याहूनही काळी. त्यामुळे परकी माणसं मलाच तिची लेक समजायची, आणि मला मनातून फार बरं वाटायचं. काकूने मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही; पण जवळ घेऊन कधी लेकही म्हटलं नाही. हिचा माझ्यावर जीव आहे, की घरात पडलंय पोर म्हणून सांभाळते, ते मला कळत नव्हतं. आणि कळावं म्हणून मी आतून झुरत होते.

सुभद्रेला पाहायला अकोल्याहून पाहुणे येणार असं ठरलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस, कापडाला अजून कूपनं लागत नव्हती. देवीचे हार घेऊन काकू अमरावतीला निघाली तेव्हा तिने आम्हा दोघींनाही मोटारीत बसवलं. हार पोचवून झाले आणि आम्ही कापडाच्या दुकानात गेलो. सुभद्रेचं हिरवं लुगडं पटकन ठरलं. मग काकू म्हणाली, "आता जमुनीले दाखवा."

मी उडालेच. माझ्या वाट्याला आजवर जुनेर यायचं. दुकानदाराने डाळिंबी रंगाचं एक लुगडं माझ्या खांद्यावर टाकलं आणि आरसा पुढे केला. काय सांगू! आरशातली पोरगी मला ओळखूच येईना. डोळे मोठे दिसत होते, गाल तुकतुकीत.

"घे न व माय, किती सुंदर दिसून राहिली!" सुभद्रा म्हणाली.

काकूने पदर हातात घेतला, चाचपला, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते लुगडं बाजूला सारलं. "थे नोको. थे लिंबू रंगाचं द्या."

दुकानदार चाचरला. "पण मावशी, या पोरीच्या रंगाले..."

"मले दिसते. द्या म्हणतो न."

मोटारीशी आल्यावर काकू छत्री विसरली म्हणून दुकानात परत गेली. तिने छत्री आणलीच नव्हती, पण मला तेव्हा त्या पिवळ्याशिवाय काही सुचत नव्हतं.

घरी आल्यावर मी नुसती गरगरत होते. काकूची नजर अधू झाली म्हणावं, तर अंधाऱ्या ओसरीत ती सुईत दोरा ओवत होती. तिचा माझ्यावर राग म्हणावा, तर रागाने कुणी नवं लुगडं घेतं का? की मलाच माझा रंग कळत नाही? मी आरशात पाहिलं, विहिरीच्या पाण्यात पाहिलं, उन्हात हात धरून पाहिला. प्रत्येक ठिकाणी वेगळीच जमुना. शेवटी काकांना विचारलं, "काका, मले लिंबू रंग शोभते काय?"

"लुगडं फाटकं नसलं म्हंजे शोभतेच," काका म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. घ्या!

पाहुणे आले त्या दिवशी काकू सुभद्रेसाठी शेवंतीची वेणी करत होती. पांढरी दोन फुलं, मग गडद मरव्याची काडी, पुन्हा फुलं. मी मरवा निवडून देत होते. "जरा जास्त मरवा दे," काकू म्हणाली. "बाजूले गडद असलं की फिकं खुलते." मग वर न बघता म्हणाली, "तू थे नवं नेस. अन् सुभद्रीच्या बाजूले बस. चिकटून बस, हालू नोको."

मरव्याची काडी माझ्या हातातच राहिली. मला सगळं कळलं. इतके दिवस कळत नव्हतं तेच बरं होतं.

तरी मी बसले. त्या पिवळ्यात माझं तोंड करपलेल्या भाकरीसारखं दिसत असणार. उठून जावंसं वाटत होतं, पण सुभद्रेने पदराखाली माझं बोट घट्ट धरलं होतं. तिने काय केलं होतं बिचारीने? मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी उजय हाय बाप्पा!" जन्माची गव्हाळ सुभद्रा त्या दिवशी उजळ ठरली. सोयरीक जमली.

पाहुणे गेल्यावर मी ते लुगडं काकूपुढे टाकलं. "हे तुह्यापाशीच ठेव." काकूने ते उचललं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. आता तरी ही काही बोलेल म्हणून मी उभी राहिले. "भाकर खाऊन घे," ती म्हणाली.

सुभद्रा सासरी गेली. पुढच्या वर्षी वरूडहून संत्र्याच्या बागा असलेले लोक मला पाहायला यायचे होते. मी सुभद्रेचं जुनं हिरवं काढून ठेवलं होतं. काकूने मला आत बोलावलं, पेटी उघडली आणि माझ्या हातात ते ठेवलं. डाळिंबी. तेच.

"हे कवा घेतलं?"

"त्याच दिवशी."

"मंग तवाच काहून नाही देलं?"

"देलं असतं तं त्याईनं तुलेच पाह्यलं असतं," काकू म्हणाली. "माह्या सुभद्रीले कोनं पाह्यलं असतं?"

आता यावर माणसाने काय करावं? हसावं, की भांडावं? एका वाक्यात हिने मला डोक्यावर घेतलं आणि त्याच वाक्यात पुन्हा खाली बसवलं. मी लुगडं नेसले.

पाहुणे आले. मी सतरंजीवर बसले. शेजारची जागा रिकामी होती. पोरीची आई-काकू आतल्या दाराशी उभी राहते, अशी आमच्याकडची रीत. काकू मात्र बाहेर आली आणि मला चिकटून बसली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिच्या अंगावर लिंबू रंगाचं लुगडं होतं.

त्या फिक्या रंगात तिचं तोंड पार काळंठिक्कर दिसत होतं. शेजारची कौशल्या दारात तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसली. काकूने ढुंकूनही पाहिलं नाही. हालली नाही.

वरूडच्या बाईने काकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमची लेक तं तुमच्याहून लय उजय निंघाली!"

मी काकाची पुतणी, हे पाहुण्यांना आधीच सांगितलेलं होतं. काकू ते पुन्हा सांगेल म्हणून मी थांबले.

"हो," काकू म्हणाली. "लेक हाय माही."

पोरीने अशा वेळी मान खाली घालून बसायचं असतं. मी तशीच बसले आणि पदराखाली काकूचं बोट घट्ट धरलं. राग अजून गेला नव्हता.