पाटीवरची शेवटची ओळ

"हसू नकोस, नीट सांग. काय चुकलंय?" पेंटर मला विचारत होता, आणि मी हातातलं सायकलचं चाक टाकून पोट धरून हसत होतो.

त्याच्या दुकानासमोर लाँड्रीची नवी पाटी वाळत उभी होती. वर झोकात लिहिलं होतं, 'धुलाई केंद्र'. त्याखाली, 'कपडे एका दिवसात मिळतील'. आणि त्याच्याही खाली, निळ्या अक्षरांना पिवळी सावली वगैरे देऊन, 'पेंटर, मधली ओळ जरा बारीक काढा'.

"अरे बाबा, हे तुला लिहिलं होतं. पाटीवर कशाला उतरवलंस?"

तो पाटीकडे बघत राहिला. चेहरा असा पडला की मी हसायचा थांबलो. ह्याला वाचता येत नाही! इतकी वर्षं शेजारी दुकान, गावातल्या निम्म्या पाट्या ह्याच्या हातच्या, आणि मला पत्ता नाही.

मग हळूहळू कळलं सगळं. वहिनी होत्या तोवर गिऱ्हाइकाची चिठ्ठी त्याच वाचायच्या. कुठला शब्द मोठा, कुठला लहान ते सांगायच्या, आणि हा चित्र काढावं तशी अक्षरं काढायचा. त्या गेल्यावर चिठ्ठी दिसेल तशी उतरवायला लागला. एवढे दिवस निभावलं हेच नवल.

लाँड्रीवाल्याने पाटी फुकटात पुन्हा रंगवून घेतली, वर गावभर बोभाटा केला. गिऱ्हाइकं आटली. मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता. गाळा भाड्याने देऊन टाकू. तुम्ही घरी आराम करा."

"आराम करू म्हणे. भिंतीकडे बघत बसू का दिवसभर?" पेंटर माझ्याजवळ पुटपुटला. हातातला ब्रश सुटला असता तर तो पार खचला असता, हे मला दिसत होतं.

शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरायचा. मी त्याला ओढूनच नेलं म्हणा ना. बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि त्याला खाली उतरवायला सांगितलं. पठ्ठ्याने असा काही उतरवला की बाईंचंच अक्षर गरीब दिसायला लागलं.

"वा, काका! आता वाचा बघू."

काका नुसते खडू फिरवत उभे.

बाहेर आल्यावर म्हणाला, "उद्यापासून नाही येणार मी. नातीच्या वयाची पोरगी आहे ती."

"मग काय, ती म्हातारी व्हायची वाट बघणार आहेस?"

त्यावर कितीतरी दिवसांनी तो हसला. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी कुलूप लावून तयार होता.

फार जड गेलं त्याला. इतकी वर्षं चित्र म्हणून काढलेलं अक्षर बोलायला लागलं की हात बिचकायचा. रंगवता रंगवता थांबायचा, ओठ हलवायचा, आणि रेघ वाकडी जायची. शेवटी मीच वैतागलो. "पूर्वीच बरा होतास की रे."

"पूर्वी ती होती," तो म्हणाला. मी पंक्चर काढायला बसलो.

परवा औषधांच्या दुकानाचा मालक नवी पाटी करायला आला. खिशातून चिठ्ठी काढली आणि घड्याळ बघत म्हणाला, "थांबा, मीच वाचून दाखवतो. उगाच लाँड्रीसारखा घोळ नको."

"नको," पेंटर म्हणाला. "मला वाचू द्या."

ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला. मध्येच अडला, मागे गेला, पुन्हा सुरू. मालकाची चुळबुळ बघून मला राहवेना. "बसा हो जरा. आग लागलीय का तुमच्या दुकानाला?" बसला बिचारा.

पेंटरने चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. मग मान वर केली.

"'काका, रंग तुमच्या मनाने निवडा.' ही ओळ मला आहे ना?"

"हो, तुम्हालाच."

त्याने मान हलवली. काही गरज नव्हती, तरी ती ओळ त्याने पुन्हा एकदा वाचली.