मेजरांच्या पिकअपखालचा डबा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. पिकअप गाडीच्या पोटाखाली वाकून बघायला वेळ कोणाला असतो? इंजिनातून धूर निघतो, त्याच्या वाटेवर बसवलेला मी एक पोलादी डबा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे माझे नाव. नाव भारदस्त, काम साधे. माझ्या पोटात बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर असतो. विषारी धूर तिच्यातून जाताना बराचसा निवळतो. मात्र त्यासाठी मी चांगला तापलेला असावा लागतो. थंड असलो की मी नुसताच डबा.

माझे सुखाचे दिवस उंब्रजजवळ गेले. गाडी नाथाजी मेजरांची. सैन्यात ट्रक चालवून ते निवृत्त झाले होते, पण गावात सगळे त्यांना मेजरच म्हणत. त्यांच्या पत्नी लीलाबाई उसाच्या रोपांची रोपवाटिका चालवत. दोघे रोपांचे ट्रे भरून कराड, विटा, पार सांगलीपर्यंत जात. लीलाबाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण चढ लागला की इंजिनाचे रडणे त्यांनाच आधी कळे.

"आवं, गेअर बदला की! किती छळताय तिला?"

"मग तूच चालीव," असे म्हणत मेजर गेअर बदलत. खाली मी रसरसून तापलेला असे. मला फार बरे वाटे.

मग लीलाबाई गेल्या. तापाचे निमित्त झाले आणि आठवड्यात सगळे संपले. मेजर रडले नाहीत, निदान गाडीत तरी नाही. ते रोज सकाळी चहाचा पेला घेऊन येत, इंजिन चालू करत आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहत. लडाखच्या थंडीत गाडी गोठू नये म्हणून ती अशी चालू ठेवावी लागे, ती त्यांची सवय. शेजारच्या सीटवर लीलाबाईंची पानाची चंची तशीच पडलेली होती. तिथे ते कोणाला बसू देत नसत. चहा निवला की इंजिन बंद करून ते उतरत. गाडी जागची हलत नसे.

माझ्यापर्यंत येई तो कोमट धूर. त्यात मी तापत नव्हतो. काजळी साचत गेली, छिद्रे बुजत गेली. मला दुखलेही नाही. काहीच वाटत नव्हते.

रोपवाटिका आता सूनबाई शिवांजली बघत होती. तिचा नवरा ऋषिराज सैन्यात, दूर सीमेवर. भाड्याचे टेम्पो ऐनवेळी दगा देऊ लागले, तेव्हा एके दिवशी तिने ड्रायव्हर बोलावून आपल्याच पिकअपमध्ये ट्रे भरले. गाडी गावाबाहेरच्या चढावरच मान टाकून थांबली. रोपे उन्हात सुकली. फोनवर ऋषिराज म्हणाला, "इकून टाका ती गाडी."

"आदी दावू तरी कुणाला," शिवांजली म्हणाली.

गॅरेजवाल्या नानासो मेस्त्रींनी आधी फिल्टर बदलून पाहिले. फरक पडला नाही. मग त्यांनी माझ्या अलीकडचा पाइप सोडला आणि इंजिन चालू केले. ते मोकळा श्वास घेऊन गरजले.

"हितंच तुंबलंय. मेजर, गाडी कुठं नेता?"

"रोज चालू करतो."

"ते न्हाई इचारलं. नेता कुठं?"

मेजर बॉनेटवरची धूळ पुसू लागले. शेवटी शिवांजलीच म्हणाली, "आई गेल्यापासनं कुठंच न्हाई."

"आवं, लडाख सुटलं न्हवं तुमचं? हितं कुठं बर्फ पडतंय? जाग्यावर चालू ठिवून मारलं ह्याला." नानासोंनी पान्याने मला ठोकून पाहिले. "पोट रिकामं करून परत लावू का ह्योच? लय जण तसंच करत्यात."

"नको," शिवांजली म्हणाली. "आमच्या बाया मागं ट्रे भरत्यात. त्यो धूर त्यांनी खायचा व्हय? नवा बसवा."

नवा बसला. मला मागे हौद्यात टाकले. विट्यातला एक गलाईवाला, म्हणजे सोने-चांदी गाळणारा, माझी जाळी भट्टीत वितळवून तिच्यावरचे प्लॅटिनम काढणार होता.

दुसऱ्या दिवशी मेजरांनी गाडी चालू केली आणि नेहमीसारखे भिंतीकडे बघत राहिले. शिवांजलीने ट्रे भरले. मग तिने दार उघडले, चंची उचलून मांडीवर घेतली आणि त्या सीटवर बसली. मेजर तिच्याकडे बघत राहिले. पण उतर म्हणाले नाहीत. गाडी निघाली.

विट्याच्या वाटेवर सुर्लीचा घाट लागला. चढ वाढला, इंजिन रडू लागले, तरी मेजरांचा हात हलेना. ते वाट बघत होते. कोणाची, ते मला हौद्यात पडल्या पडल्या कळले. शिवांजलीलाही कळले असावे.

"आबा," ती हळूच म्हणाली, "गेअर बदला की."

मेजरांनी गेअर बदलला. मग रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि ते रडले. खूप वेळ रडले.

मित्रांनो, मी आता विट्याच्या भट्टीत जाईन. तिथे पुन्हा एकदा तापेन, एवढे मला पुरे. तुमच्या घरी कोणी गाडी चालू करून नुसते बसून राहत असेल, तर शेजारचे दार उघडा आणि आत बसा.